भूत, देवी आणि बाई
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



काल एकीने विचारले, "आपण गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, मग भुताच्या सिनेमाला हसायचे कसे?" प्रश्न रास्त आहे. पण 'स्त्री' बघताना मी पोटभर हसले, आणि का हसले ते सांगते.

अमर कौशिक दिग्दर्शित हा हिंदी सिनेमा २०१८ साली आला. गाव मध्य प्रदेशातले चंदेरी. दरवर्षी पूजेच्या चार रात्री एक भूत येते, पुरुषांना उचलून नेते. मागे उरतात फक्त कपडे. तिने आज नको, उद्या यावे, अशी विनवणी घराघराच्या भिंतीवर लिहिलेली. पुरुष रात्री एकटे बाहेर पडायला घाबरतात, सोबत शोधतात, साडी नेसून निघतात. म्हणजे आपल्याला लहानपणापासून घातलेले सगळे नियम, 'सातच्या आत घरात'सकट, त्यांच्या वाट्याला येतात. जे पटवायला आपल्याला तासभर बोलावे लागते, ते इथे हसता हसता पटते.

शिवाय हे भूत जबरदस्ती करत नाही. हाक मारते; पुरुष वळून बघेल तरच नेते. गावाने मात्र तिला विचारले नव्हते. ती गणिका होती. प्रेम करणारा माणूस भेटला, लग्न झाले, आणि पहिल्याच रात्री गावातल्या पुरुषांनी दोघांना मारले.

शेवटाला मात्र माझे हसू थांबले. वेणी कापून तिचे बळ काढून घेतात. मग गावात तिचा पुतळा उभा राहतो आणि भिंतीवरची विनवणी बदलते: आता तिने रक्षण करावे! चेटकीण होती, देवी झाली. खुनाचा जाब कुणी कुणाला विचारला नाही.

हे आपल्याला नवे नाही. नंदुरबारच्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण तक्रार द्यायला त्या बाईसोबत कुणीतरी जावे लागते.

म्हणून सिनेमा वस्तीत जरूर दाखवा. सगळ्यांना हसू द्या. मग दिवे लावून एवढेच विचारा: हिला मारले कुणी? आणि आपल्या गावात अशी वेळ आली, तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात कोण जाणार?