पीक पाचपट, गाव पाव

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



उत्पादन वाढवा म्हणजे गावाला बरकत येईल, हे आपण बापजाद्यांपासून ऐकत आलो. आम्ही शेतकी कॉलेजात शिकत होतो तेव्हा दाखला म्हणून अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे मक्याचे आकडे पाठ करून घेतले जात. त्या मक्याभोवतीच्या गावांचे काय झाले, ते मात्र कोणी शिकवले नाही. आज तेवढेच सांगायचे आहे.

आयोवाच्या नैर्ऋत्येला अ‍ॅडम्स नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. आकाराने मात्र आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, सुमारे 1,100 चौरस किलोमीटर. पिके मका-सोयाबीनची, आणि शेती पावसावरची. 1900 च्या सुमारास आयोवात एकरी साधारण 10 क्विंटल मका होई. आता 50 होतो. आणि माणसे? 1900 च्या शिरगणतीत अ‍ॅडम्समध्ये 13,601 माणसे होती, 2020 मध्ये 3,704. पीक पाचपट झाले आणि माणसे पावावर आली.

असे का झाले? यंत्रे आली, हात रिकामे झाले. खर्च चढत गेला, भाव त्या मानाने चढला नाही. ज्याला परवडेना त्याचे शेत शेजाऱ्याने घेतले. 1970 नंतर धान्याला तेजी आली तेव्हा जमिनीच्या चढत्या किमती पाहून कर्जे वाटली गेली. मग व्याजाचे दर भडकले. 1981 साली आयोवात एकराची सरासरी किंमत 2,147 डॉलर होती, ती 1986 साली 787 वर आली. कर्ज तेवढेच, तारण तिसऱ्या हिश्शावर! शेते लिलावात निघाली आणि त्यांच्या पाठोपाठ बँकाही बुडाल्या.

कुटुंब उठले की दुकानाचे गिऱ्हाईक जाते, शाळेची पोरे जातात, दवाखान्याचे रोगी जातात. क्विंटल शाळेत नाव घालत नाहीत. कॉर्निंग हे अ‍ॅडम्सचे मुख्य ठिकाण, तिथल्या शाळेला 2013 पासून शेजारच्या काउंटीतल्या व्हिलिस्का गावच्या शाळेशी वर्ग वाटून घ्यावे लागले.

पण त्या लोकांकडून शिकण्यासारखेही आहे. 1955 च्या कायद्याने आयोवात काउंटीवार कृषी विस्तार मंडळे झाली. मंडळात नऊ सभासद, ते मतदारांनी निवडलेले, आणि मंडळाला स्वतःचा कर बसवायचा अधिकार. आपला कृषी सहायक कोणाला जाब देतो? वरच्या साहेबाला. तुम्हाला नाही.

दुसरे उदाहरण त्याच राज्यातल्या रॉकवेल गावचे. 1889 साली तिथल्या शेतकऱ्यांनी धान्य विक्रीची सोसायटी काढली. व्यापाऱ्यांचा डाव ठरलेला असे: थोडे दिवस भाव चढवायचा, सभासद फोडायचे, सोसायटी मोडली की भाव पाडायचा. कापूस विकणाऱ्याला हा डाव नवा नाही. रॉकवेलकरांनी नियम केला: सभासदाने माल खुशाल बाहेर विकावा, पण प्रत्येक मापामागे ठरलेली रक्कम सोसायटीला द्यावी. व्यापाऱ्याने भाव चढवला तर फायदा सभासदाचा, आणि सोसायटीचाही खर्च भागे. शपथा घ्यायला नकोत, कोणाला गद्दार म्हणायला नको. हिशेबच असा मांडला की सोसायटी मोडेना.

भावांनो, घामाला दाम मिळाला नाही तर पाचपट पीकही गाव राखत नाही, हे अ‍ॅडम्सने दाखवले. आणि दामासाठी लढायचे तर आपल्या हातातली संस्था लागते, हे रॉकवेलने दाखवले. कापूस वेचणीला येण्याआधी प्रत्येक शाखेने एक काम करावे. आपल्या बाजाराच्या गावची सोसायटी, जिनिंग, बाजार समिती आणि शाळा यांची यादी करावी. प्रत्येकीपुढे लिहावे: किल्ली कोणाकडे? हिशेब शेवटचा कधी वाचून दाखवला? पुढच्या बैठकीत ती यादी वाचू आणि पहिले कुलूप कोणते उघडायचे ते तिथेच ठरवू.