दुसऱ्या अर्जाचा निबंध

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो. अमेरिकेत 'एमकॅट' या प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर एक निबंधही वाचला जातो: मला डॉक्टर का व्हायचंय? तिथल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज 'एएमकॅस' या सामायिक सेवेतून जातात. निबंधाला मर्यादा ५,३०० अक्षरचिन्हांची, मोकळ्या जागा धरून.

प्रवेश हुकला, तर पुढच्या वर्षी जुनाच निबंध पाठवू नये. महाविद्यालयं मागचा अर्ज काढून पाहू शकतात. आधी नकाराचं कारण शोधावं. काही महाविद्यालयं विचारल्यावर अभिप्राय देतात. मग मधल्या काळात काय शिकलो, ते लिहावं. 'रुग्णसेवेची आवड आहे' या वाक्यापेक्षा एका रुग्णाजवळ बसून काय उमगलं, ते जास्त पटतं. कामांची जंत्री इथे नको. तिच्यासाठी अर्जात १५ नोंदींची वेगळी जागा असते. तक्रारी आणि सबबीही नकोत. मूळ प्रेरणा तीच असली तरी चालेल, तिचा पुरावा मात्र नवा हवा.

अनेक ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात. त्यामुळे अर्ज सुरू होण्याआधी, हिवाळ्यातच मसुदा हाती घ्यावा आणि एखाद्या परखड वाचकाला दाखवावा.