गिअरची दांडी आखूड करायची की लांब?

कानात इअरफोन घालून गाडी चालवत ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, कारण आजचा विषय गाडीच्याच आतला आहे. तुमच्या डाव्या हाताखाली जी गिअरची दांडी असते ना, तिच्यावर हजार-बाराशे रुपयांत काय काय करता येतं, आणि काय करू नये, एवढंच आज बोलायचंय.

यूट्यूबवर ‘शॉर्ट शिफ्टर’ असं शोधलंत तर शेकडो व्हिडिओ सापडतील. सगळ्यांचा सूर एकच, दांडी कापा, आखूड करा, वरती जड स्टीलचा नॉब लावा, मग गिअर कसे रेसिंग कारसारखे खटाखट पडतात बघा. मी मात्र बरोबर उलटं केलं. दांडी साडेचार सेंटिमीटरने लांब केली. का, ते सांगतो.

आमच्याकडे २००७ ची मारुती ८०० आहे. गाडी आईची. आई शिक्षिका आहे, साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला एकवीस किलोमीटरवर तिची शाळा. गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं डी क्वेर्वेन, म्हणजे अंगठा हलवणाऱ्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज. पट्टा दिला आणि सांगितलं की चिमटीत धरून जोर लावायची कामं कमी करा. आता जुन्या ८०० चा तो बारका नॉब आठवा. तो आपण चिमटीतच धरतो. दिवसातून दोनदा एकवीस किलोमीटर, त्यात गावं, गतिरोधक, बैलगाड्या, उसाच्या ट्रॉल्या. दर दोन मिनिटांनी गिअर.

आईने स्वतःच्या पद्धतीने उपाय शोधला होता. ती पहिला गिअर टाळायला लागली. गाडी थेट दुसऱ्यावर उचलायची. म्हणजे हात वाचवायला क्लच जाळायचा. मामाचं मत स्पष्ट होतं, गाडी विका आणि एसटीने जा. एसटी आहे, पण मध्ये एकदा बदलावी लागते आणि शाळेच्या वेळेशी तिचं जमत नाही. ऑटोमॅटिक घ्यायची तर पाच लाखांच्या पुढची गोष्ट, आणि माझा फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झालेला. आईच्या निवृत्तीला दोन वर्षं. गाडीच्या आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण २०२२ मध्ये झालंय, म्हणजे तीही २०२७ पर्यंतच. दोन वर्षं काढायची होती, बस.

(कंसात एक गंमत. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, आणि पुढच्याच महिन्यात मारुतीची पहिली एएमटी गाडी, सेलेरिओ, बाजारात आली. एका महिन्याच्या अंतराने गेली आमची सोय.)

तर आधी निदान. हा भाग व्हिडिओवाले गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा हाच. गिअर जड पडतो म्हणजे दांडीच दोषी असं नसतं. गाडी उभी, इंजिन बंद, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, कुरकुरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. ८०० मध्ये क्लचची केबल असते, ती ताणली जाते, तिचं अ‍ॅडजस्टमेंट करावं लागतं. तिथे नॉब बदलून काही होणार नाही. दोन्ही वेळा सारखंच जड असेल तर दांडी, खालचे जोड, नाहीतर गिअरबॉक्समधलं ऑइल. आणि गिअरमध्ये असतानाही दांडी चमच्यासारखी इकडेतिकडे हलत असेल, तर बुश गेलेत.

मी इंजिनिअर माणूस, मला आकडा हवा होता. बॅगा मोजायचा डिजिटल हुकवाला काटा येतो, विमानप्रवासाआधी आपण वापरतो तो. तो नॉबला अडकवला, क्लच दाबायला बहिणीला बसवलं, आणि न्यूट्रलमधून दुसऱ्यात जाईपर्यंत जास्तीत जास्त किती किलो दाखवतोय ते दहा वेळा लिहून घेतलं. उभ्या गाडीत कधीकधी दातावर दात येऊन गिअर पडतच नाही, ती रीडिंग सोडून दिली. सरासरी आली चार किलोच्या जरा वर. आई म्हणाली, ‘‘अरे, वजन कसलं करतोस, मला विचार ना किती जड आहे ते.’’

आता दांडीच्या खाली काय असतं ते. ८०० मध्ये दांडी मध्यावर एका गोळीवर टेकलेली असते, बॉल जॉइंट. तिच्या खालच्या टोकापासून एक लांब रॉड गाडीच्या पोटाखालून पुढे गिअरबॉक्सपर्यंत जातो. त्याच्या जोडीला आणखी एक रॉड असतो, तो दांडीचं बूड इंजिनच्या तुलनेत जागेवर धरून ठेवतो. या सगळ्या जोडांत प्लॅस्टिक आणि रबराचे बुश. अठरा वर्षांत ते झिजतात, त्यांत माती जाते. मग तुमचा अर्धा जोर गिअर टाकण्यात नाही, तर ती ढिलाई भरून काढण्यात जातो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रॉडच्या जागी दोन केबल असतात. त्यांचं दुखणं वेगळं, त्यावर पुढे येतो.

बुशचा संच २२० रुपयांना मिळाला. बसवायला गॅरेजवाल्या दादांनी ४०० घेतले. हे काम घरी करता येतं, पण गाडीखाली जावं लागतं, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, म्हणजे कोणीही, जाऊ नका. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. चारशे रुपये त्याच्यापुढे काहीच नाहीत. जुने बुश बाहेर आले ते चपटे, अंडाकृती झालेले. इंटरनेटवर यावर सायकलची ट्यूब कापून गुंडाळायचा जुगाड दाखवतात. चार दिवस चालतो. पण ग्रीस लागलं की ट्यूबचं रबर फुगतं, मऊ पडतं. अस्सल पार्ट दोनशेला मिळत असताना हे कशाला?

ग्रीसवरून आठवलं. रबरी बूट आणि बुशजवळ साधं पेट्रोलियमचं ग्रीस चोपडू नका, सिलिकॉन ग्रीस वापरा. आणि दांडीचं वरचं कव्हर उचलून आतली माती, बडीशेपेचे दाणे, एक रुपयाची नाणी काढा. आमच्या गाडीत एक केसांची पिनसुद्धा निघाली.

बुशनंतर काटा दाखवू लागला ३.६ किलो. ढिलाई गेली, पण आईच्या अंगठ्यासाठी अजून जडच.

इथे येतं तरफेचं गणित. शाळेच्या विज्ञानातलं. गोळीच्या वर आमची दांडी नॉबच्या मध्यापर्यंत २८० मिलिमीटर भरली. लोक चार सेंटिमीटर कापतात तेव्हा ती २४० होते. हाताची हालचाल १४ टक्क्यांनी कमी होते, खरंय. पण लागणारा जोर १७ टक्क्यांनी वाढतो. फुकट काही मिळत नाही, अंतर वाचवलं की जोर द्यावा लागतो. व्हिडिओत पंचविशीतला मुलगा असतो, मोकळा रस्ता असतो. सिग्नलवर दीड तास अडकलेलं मनगट त्या व्हिडिओत नसतं. आम्ही उलट ४५ मिलिमीटर वाढवले. २८० चे ३२५ झाले. जोर १४ टक्के कमी, हालचाल १६ टक्के जास्त. पहिल्यातून दुसऱ्यात यायला पूर्वी साधारण बारा सेंटिमीटर लागायचे, आता चौदा. आईला दोन सेंटिमीटरचं काही पडलेलं नाही.

लांब कशी केली? नॉब फिरवून काढला, खाली आटे असतात. बाजारात तयार एक्स्टेन्शन मिळतात, पण आट्यांचं माप जुळायला हवं. नुसता व्यास जुळून भागत नाही. दहा मिलिमीटरच्या बोल्टला १.५ चा, १.२५ चा आणि १ चाही आटा असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक वेळा १.५ चाच मिळतो. हाताने दोन-तीन वेढे सहज फिरले नाहीत तर पाना लावायचा नाही, दांडीचेच आटे जातील. मी सरळ नॉब घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने गेजने आटा मोजला आणि स्टीलचा तुकडा करून दिला, खालून आतले आटे, वरून बाहेरचे. १२० रुपये. त्याला एकच सांगितलं होतं, जेवढा व्यास त्याच्यापेक्षा आटे जास्त खोल बसले पाहिजेत. खाली चेकनट आवळला आणि आट्यांना निळं थ्रेडलॉकर लावलं. निळंच घ्या. लाल लावलंत तर पुढे काढताना गरम करावं लागेल, आणि भोवती प्लॅस्टिक आहे.

बसवल्यावर आधी घरासमोर, गाडी उभी ठेवून सगळे गिअर टाकून बघायचे. पहिल्या-तिसऱ्यात नॉब डॅशबोर्डला किंवा रेडिओच्या बटणांना लागतो का? दुसऱ्या-चौथ्यात सीटला, पाण्याच्या बाटलीला, हँडब्रेकला? डॅशबोर्डला टेकून गिअर अर्धाच पडला तर तो चालत्या गाडीत सुटू शकतो. आमच्याकडे तिसऱ्यात दोन बोटं जागा उरली. तुमच्याकडे उरली नाही तर हा उद्योग तिथेच सोडा. आणि लांब तरफेने जोडांवर जास्त जोर येऊ शकतो हेही लक्षात ठेवा. अडलेला गिअर ओढायचा नाही, क्लच सोडून परत दाबायचा.

आता नॉब. खरा फरक, मला वाटतं, इथे पडला. जड नॉबचं कौतुक खूप होतं. त्यात तथ्य आहे, वजनाने दांडीला वेग मिळाला की ती खाचेतून पुढे सरकताना हाताला गुळगुळीत लागते. पण जुन्या, झिजलेल्या गिअरबॉक्सवर अर्धा किलोचा गोळा लावला तर खड्ड्यात गिअर सुटायला तीच जडता मदत करेल. शिवाय स्टीलचा नॉब. एप्रिलमध्ये दुपारी शाळेच्या आवारात उभी गाडी. हात लावून दाखवा.

आईला जड नको होता, मोठा हवा होता, म्हणजे चिमटीऐवजी तळव्याने ढकलता येईल. लाटणी, पोळपाट करणाऱ्या कातारीकडून शिसवी लाकडाचा ५५ मिलिमीटरचा गोळा करून घेतला. १५० रुपये. आत भोक, त्यात नट, दोन भागांचं इपॉक्सी लावून बसवला आणि एक दिवस वाळू दिला. नट गोल नाही, षटकोनी घ्यायचा, आणि लाकडातली खाचही तशीच, म्हणजे इपॉक्सी सुटलं तरी तो फिरत नाही. गोल नॉबला नाकं मुरडू नका. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयवर गोल्फचा चेंडूच नॉब म्हणून होता. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंची ती कल्पना, सीटवरचं चौकड्यांचं कापडही त्यांचंच.

काटा आता ३.१ दाखवतो. चारच्या वरून ३.१. त्यापेक्षा मोठं म्हणजे अंगठा लावावाच लागत नाही. पुढे ढकलायला तळवा, मागे ओढायला चार बोटं. आई पहिल्या दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, ‘‘हे काय, ट्रक चालवल्यासारखं वाटतंय.’’ दुसऱ्या आठवड्यात तिच्या सहकारी बाई विचारायला लागल्या की गोळा कुठे मिळतो. पट्टा अजून रात्री लावते. दुखणं गेलंय असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण गाडी पुन्हा पहिल्या गिअरवर उचलते.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी पटापट. केबलवाल्या गाडीत केबलच्या टोकांना आणि ब्रॅकेटला रबर असतं, थरथर आत येऊ नये म्हणून. काही लोक त्या रबराच्या बाजूला वायसर भरून ते घट्ट करतात. दहा रुपयांचं काम. गिअर खरंच नेमका पडतो, पण इंजिनची गुणगुण हातात आणि केबिनमध्ये येते. आवडत असेल तर करा, वायसर काढले की पूर्ववत.

नॉबखाली रिंग उचलून किंवा दांडी दाबून रिव्हर्स पडतो अशी गाडी असेल, तर बाजारातला नॉब घेऊच नका. ती रिंग नॉबच्या यंत्रणेचा भाग असते. ती निकामी झाली तर रिव्हर्स पडणार नाही, किंवा नको तेव्हा पडायचा प्रयत्न करेल.

गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. ‘जीएल-४’ लिहिलं असताना दुकानदार ‘जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी’ म्हणाला तर नाही म्हणा. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

वॉरंटीतली गाडी असेल तर दांडी कापणं, वेल्डिंग करणं विसरा. मी जे केलं ते सगळं उलटं फिरवलं की काढता येतं, मूळ नॉब डिकीत ठेवलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घरी गेलो की चेकनटला पाना लावून बघतो. मी नसेन तेव्हा आई बघते, त्या पान्याला तिने लाल दोरा बांधून ठेवलाय.

एकूण खर्च विचाराल तर बुश २२०, मजुरी ४००, लेथ १२०, नॉब १५०, थ्रेडलॉकर १९०. १०८० रुपये. काटा घरात होता.

तुमच्या गाडीच्या नॉबचा आटा किती मापाचा आहे हे माहीत असेल तर मॉडेल आणि सालासकट कळवा, मी एक यादी करतोय. आणि पुढच्या भागात क्लचची केबल. भेटूच.