काढणारीचे नाव



मी सातवी शिकलेली. भाषण येत नाही. घडले ते सांगते.

होमाई व्यारावाला यांनी १९३०च्या दशकात मुंबईचे रस्ते, माणसे काळ्यापांढऱ्या फोटोंत टिपली. आरंभी ते फोटो पतीच्या नावाने छापले गेले. पद्मविभूषण मिळाले २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी.

यंदा आमचे भुशीचे कौलारू घर पाडायचे ठरले. मी मामंजींचा जुना कॅमेरा काढला. रोल बाराच फोटोंचा, म्हणून ऊन ओटीवर येईपर्यंत थांबले. घर, आळी, तुळशीवृंदावन छान उमटले. सून म्हणाली, "आई, यांत तुम्ही कुठेच नाही!"

खरेच की! मग प्रत्येक फोटोमागे शाईने माझे नाव लिहिले. भगिनींनो, तुम्हीही लिहा.