ज्याची हकीकत, त्याला बोलू द्या



मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीत बहुतेक वेळा नातेवाईकच बोलतात. "रात्रभर झोपत नाही, एकटाच पुटपुटतो, आम्ही जेवणात काहीतरी कालवतो म्हणतो." ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं, तो शेजारीच खाली मान घालून बसलेला. केसपेपरवर त्याच्या आयुष्याच्या चार ओळी उमटतात, त्याही दुसऱ्याच्या तोंडच्या. सायकोसिस, म्हणजे भास आणि भ्रमांचा आजार, जडला की स्वतःविषयी बोलण्याचा हक्क असा पहिल्याच दिवशी जातो.

नेदरलँड्समध्ये एका तरुणीनं हा हक्क मागून घेतला. पॅट्सी हेग तिचं नाव. तिला कुणी नसताना आवाज ऐकू येत. औषधं घेऊनही ते थांबले नव्हते. मला ते खरोखर ऐकू येतात, मग त्यांच्याबद्दलच बोला, असा तिचा मारियस रोम या आपल्या डॉक्टरांपाशी आग्रह होता. डॉक्टरांनी तो मानला, हे मला फार मोठं वाटतं. 1987 साली दोघं टीव्हीवर आली आणि आवाज ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी संपर्क साधण्याचं आवाहन केलं. सुमारे 700 जणांनी संपर्क साधला. त्यांतल्या 450 जणांना आवाज ऐकू येत होते आणि 150 जण आवाजांसकट आपलं आयुष्य नीट चालवत होते.

पुढे रोम आणि त्यांच्या सहकारी सांड्रा एशर अशा माणसांना विचारत गेले: आवाज पहिल्यांदा केव्हा आला? तेव्हा घरात काय घडत होतं? तो कुणासारखा वाटतो? सांगता सांगता अनेकांना एखादा मृत्यू, लहानपणी झालेला अत्याचार आठवला. आधी काय, नंतर काय, याचा क्रम लागला. क्रम लागला की भीतीला हद्द पडते.

म्हणून औषधं सोडावीत, असं मुळीच नाही. आजार भरात असताना तर हकीकत विचारूच नये. आधी उपचार, झोप, जेवण. माणसाला सांगायचं नसेल, तर तोही त्याचा अधिकार. बऱ्या झालेल्या माणसाला व्यासपीठावर उभं करून फक्त विजयाची गोष्ट वदवून घेणं मला अन्यायाचं वाटतं. "आवाज अजून येतात, पण मी रोज कामाला जातो," हेही बरं होणंच आहे.

असं मोकळेपणी सांगायला आपल्याकडेही जागा आहे: पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'चे स्वमदत गट आहेत. तिथे ऐकणाराही त्याच वाटेनं गेलेला असतो.

तुमच्या घरी कुणाला असा आजार असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच सांगा: आधी त्याला बोलू द्या, आम्ही नंतर बोलू. सल्ला हवा असेल, तर 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. क्रमांक आहे 14416.