लोह, सागर आणि हवेतील कार्बन

कोळसा व खनिज तेल जाळून मानव जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा सागर मुकाट्याने पोटात घेतो. हा हिस्सा वाढविता येईल काय?

दक्षिण महासागराच्या विस्तीर्ण भागात नत्र व स्फुरद विपुल आहे. परंतु लोहाच्या अभावी तेथील सूक्ष्म पाणवनस्पतींची वाढ खुंटते. थोडे लोह पुरविल्यास त्या फोफावतील, कार्बन शोषून घेतील आणि मृत झाल्यावर तो आपल्यासवे खोल पाण्यात नेतील, असा विचार अमेरिकेचे सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास मांडला.

या विचाराची कसोटी पाहण्यासाठी गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये 'लोहाफेक्स' हा संयुक्त प्रयोग हाती घेतला. 'पोलारस्टर्न' हे जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघाले. पर्यावरणवादी संघटनांनी हरकत घेतल्याने जर्मन शासनाने प्रयोग काही काळ रोखला आणि तज्ज्ञांचे अभिप्राय मागवून मगच अनुमती दिली. दक्षिण अटलांटिकमधील सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ६ टन लोह विरघळवून सोडण्यात आले.

पहिल्या दोन आठवड्यांत पाणवनस्पती दुपटीने वाढल्या. परंतु त्या पाण्यात सिलिका अत्यल्प होती. त्यामुळे कठीण कवचाच्या डायटम वनस्पती वाढू शकल्या नाहीत. ज्या वाढल्या, त्या कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी फस्त केल्या. कार्बन खोलवर गेला तो अगदी थोडा. याउलट, २००४ मध्ये याच महासागरात, सिलिकायुक्त पाण्यात झालेल्या प्रयोगात वाढलेल्या वनस्पतींपैकी निदान निम्मा भाग १,००० मीटरखाली गेल्याचे आढळले.

तात्पर्य, लोह तेच असले तरी पाण्यागणिक फळ निराळे मिळते. म्हणूनच, वैध वैज्ञानिक संशोधनाखेरीज असे लोहसिंचन होऊ नये, असा ठराव लंडन करारातील राष्ट्रांनी २००८ मध्येच केला होता.

अपेक्षित फळ मिळाले नाही, म्हणून 'लोहाफेक्स' वाया गेला असे मात्र नव्हे. सागरावर किती भिस्त ठेवावी, याचे माप त्याने हाती दिले. सागराची साथ मोलाची आहे. तथापि धूर कमी करण्याचे मुख्य काम जमिनीवरच, कारखान्यांत, वीजकेंद्रांत व वाहनांत, मानवालाच करावे लागणार आहे.