मढवलेले बटण

(कात्रज येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मास्तर बटणावर बोलणार म्हणून काहींना हसू येईल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शिवणयंत्र आहे. ब्लाऊज किंवा शेरवानी शिवून होते आणि त्याच कापडाची बटणे हवी असतात. मग कात्रजहून बस धरून स्वारगेटला उतरायचे, रविवार पेठेतील बोहरी आळी नाहीतर तुळशीबाग गाठायची, आणि उरलेला तुकडा देऊन सहा बटणे मढवून आणायची. अर्धा दिवस त्यात जातो. हे काम घरी होण्यासारखे आहे.

बटण हा शब्द इंग्रजीतून आला, काज पोर्तुगीजांकडून. आपली जुनी ती गुंडी. बाराबंदीला तर बंदच असत. आणि ही क्षुल्लक वस्तू मानू नका. इंग्लंडात १७२० साली कापडाने मढवलेली बटणे वापरण्यावर कायद्याने बंदी घातली गेली, कारण त्यांच्यामुळे रेशमी धाग्याची बटणे विणणाऱ्यांचे पोट मारले जात होते!

आता कृती. बटणाच्या रुंदीच्या दुपटीला थोडे कमी, एवढे गोल कापड कापा. यंत्र नसेल तर कडेने धावदोरा घाला, मध्ये जुने तुटके बटण ठेवा, दोरा ओढून गाठ मारा आणि मागून टाके घाला. हातसाचा असेल तर कापड, त्यावर धातूची वाटी, कडा आत मुडपून मागचे झाकण, आणि वरून दाब, झाले. सुती कापड किंचित ओलसर घ्यावे, वाळताना ते ताणून बसते. पातळ कापडातून धातू चमकतो, म्हणून खाली अस्तराचा तुकडा घालावा. वाटी विकत घेताना लोहचुंबक जवळ असू द्या. चिकटली तर ती लोखंडी आहे. मुलामा उडाला की गंजते आणि नव्या ब्लाऊजवर तांबडा डाग पडतो. ॲल्युमिनियमची वाटी चिकटत नाही.

दुकानात २४ नंबर, ३६ नंबर असे मागतात. ४० नंबर म्हणजे १ इंच. मग २४ नंबर किती? विद्यार्थ्यांनो, तोंडी करा: ०.६ इंच, सुमारे १५ मिलिमीटर.

भूमितीही येथेच आहे. ३० सेंटिमीटरचा चौरस तुकडा, त्यातून ३ सेंटिमीटरची वर्तुळे काढायची. सरळ रांगांत १०० बसतात. पण दुसरी रांग पहिलीच्या खाचांत सरकवून आखली, तर एकाआड एक १० आणि ९ अशा ११ रांगा होतात, एकूण १०५. तुकडा तोच, बटणे पाच जास्त. वहीत आखून पाहा, पटेल.

आता मजुरीचा हिशोब, जो पालकांसाठी आहे. घरी बटणे करायला देणारे लोक ग्रोसवर बोलतात. ग्रोस म्हणजे १४४. कापण्यापासून दाबण्यापर्यंत एका बटणाला १ मिनिट धरले, तर एका ग्रोसला २ तास २४ मिनिटे. मिळणाऱ्या रकमेला २.४ ने भागा, म्हणजे ताशी मजुरी कळेल. ती पाहून अम्मीने आपल्या वेळेचे ठरवावे. मुलीच्या वेळेचे मात्र तसे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नववीच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसू लागते. चौकशी केली की "घरी काम असते" एवढेच उत्तर येते. हे अडीच तास तिच्या अभ्यासाचे असतात.

साचा घ्यायचाच असेल, तर ग्रोसचे काम न घेता आपल्याच गल्लीतल्या दोन-तीन शिंप्यांना सांगून ठेवा. गिऱ्हाइकाचे कापड आले की सहा-आठ बटणे, तेवढीच. दहा मिनिटांत होतात, आणि दर आपला आपण सांगता येतो.